कोटाच्या पाठीवरची चीर

१

कोट सुंदर होता, एवढं मी कबूल करते. राखी रंगाची जाड लोकर, आत गुळगुळीत अस्तर, शिंगाची बटणं. आणि पाठीवर, खांद्याच्या खालून थेट कमरेपर्यंत, एक सरळ चीर.

माझ्या धाकट्या भावाने तो टेबलावर पालथा पसरला होता आणि घरची मंडळी भोवती सुतकी चेहऱ्याने उभी होती. रडत कुणीच नव्हतं. रडण्याचं काम त्यांनी सुनेवर सोपवलं होतं, आणि ती कोरड्या डोळ्यांनी कपाटाला टेकून उभी राहून सगळ्यांचा विरस करत होती.

"बघ ताई," भाऊ म्हणाला, "ही आमच्या सूनबाईंची करामत."

"कोट तिने कापला?"

"कापला नाही गं. कापलेला मंजूर केला!"

भावाचा धंदा असा, की लोकांनी परदेशातल्या दुकानांतले कपडे पसंत करायचे आणि याने ते मागवून द्यायचे. दुकानातून कपडा आधी तिकडच्या गोदामात येतो. तिथला माणूस त्याचे फोटो काढून पाठवतो. पुढून, मागून, कॉलर, शिलाई, अस्तर, खांद्यावर टेप ठेवून माप, आणि प्रत्येक फोटोत ऑर्डरच्या नंबराची चिठ्ठी. इथे सून ते फोटो बघते. डाग, उसवण, रंगात फरक, काहीही दिसलं की कपडा तिथल्या तिथे दुकानाला परत जातो. तिने मंजुरी दिली की तो विमानात चढतो, आणि मग दुकान हात झटकून मोकळं. सून या घरात येण्याआधी फोटो भाऊ बघायचा. म्हणजे जेवता जेवता अंगठ्याने पुढे सरकवायचा. त्या काळात एका माणसाला दोन्ही डाव्या हाताचे हातमोजे पोचले होते आणि एकीला तीन बाह्यांचा स्वेटर. सुनेने तो पोरखेळ थांबवला, म्हणून घरात तिच्यावर सगळ्यांचा राग होता.

"फोटो लावा की," जावई म्हणाला. "आत्यांना स्वतःच बघू द्या."

हा माझ्या भाचीचा नवरा. घरात त्याला जावईबापू म्हणतात. मी मनातल्या मनात हिरो म्हणते, कारण आरशासमोरून जाताना त्याचा वेग कमी होतो.

पडद्यावर फोटो लागला. राखी कोट, पांढरा फळा, टेप, नंबराची चिठ्ठी. आणि पाठीवर चीर, आंधळ्यालाही दिसेल अशी.

"ज्यांनी हा कोट मागवला त्या वकीलबाई संध्याकाळी न्यायला येणार आहेत," भाऊ म्हणाला. "मी त्यांना सांगणार, ज्या बाईने मंजुरी दिली तिला कामावरून काढलंय. उद्यापासून खुर्चीवर जावईबापू. आणि हिने वर स्वयंपाकघर बघावं, ते तरी जमतं का बघू."

तेव्हा सून पहिल्यांदा बोलली. मोठ्याने नाही, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"आत्या, मी जे फोटो पाहिले त्यात ही चीर नव्हती."

२

मी आयुष्यभर विमा कंपनीत दावे तपासले. जळालेली गोदामं, चोरीला गेलेल्या गाड्या, भिजलेला माल. माणसं खोटं बोलायला जेवढी मेहनत घेतात तेवढी कामात घेतली असती तर माझी नोकरी राहिली नसती. निवृत्त झाले तरी नातेवाईक मला अजून बोलावतात. त्यांना न्याय नको असतो. आपण आधीच ठरवलेल्या माणसावर खापर फोडायला एक वयस्कर साक्षीदार हवा असतो.

भावाला मी त्याच्या केबिनमध्ये गाठलं.

"फोटो बदलले असतील तर?"

"कसे बदलणार? मंजुरी दिली की फोल्डरला कुलूप बसतं. मीसुद्धा उघडू शकत नाही." हे तो अभिमानाने म्हणाला. स्वतःच्या धंद्यात स्वतःला काही करता येत नाही याचा अभिमान बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"मग कोण उघडू शकतं?"

"ती. आणि कॉम्प्युटर सांभाळतो म्हणून आपला चिरंजीव. आता तूच सांग, चांगले फोटो काढून फाटके फोटो ती स्वतःच्या गळ्यात कशाला घालेल? आणि तो बिचारा बायकोचं नुकसान कशाला करेल? म्हणजे फोटो खरेच आहेत."

बोलणं बिनचूक होतं, म्हणूनच मला ते भावाचं वाटेना.

"हे तुला कुणी समजावलं?"

"जावईबापूंनी. किती शांतपणे सांगतात बघ."

तिकडच्या गोदामातल्या माणसाला मी फोन लावायला सांगितला. घरात सगळे त्याला ओकेवाला म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलत नाही. "कोट ओके," तो म्हणाला. "फोटो ओके. पाठवला तेव्हा एकदम ओके." फोटो अजून आहेत का, विचारल्यावर म्हणाला, मंजुरी आली की पुसतो, फोन भरतो. भाऊ कुत्सितपणे हसला. "तो दुसरं काय म्हणणार?"

खरं होतं. खरं बोलणाराही हेच बोलला असता. पण भावाला ती शक्यता सुचलीच नव्हती.

भाचा बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून चष्मा पुसत होता. मी उभी राहिले तेव्हापासून तो तीच काच पुसत होता.

"त्या फोटोंच्या तारखा बघता येतील?"

"नाही आत्या. आज सकाळीच सगळं नव्या मशीनवर हलवलं. आता सगळ्यांवर आजचीच तारीख."

"मुहूर्त बरा शोधलास."

"जुनं फार सावकाश चालत होतं," तो म्हणाला आणि दुसरी काच पुसायला घेतली.

"फोल्डर तू उघडलं होतंस?"

"मी कशाला उघडू?"

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणाऱ्यांच्या फायली मी नेहमी वेगळ्या ठेवायचे. पण हा माझ्या भावाचा मुलगा, मी याला कडेवर घेऊन फिरवलेलं. मी पुढे विचारलं नाही. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

३

माझी भावजय मागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीपाशी होती. आलेला प्रत्येक कपडा तिच्या हाताखालून जातो. ती एकटीच या घरात काही काम करते आणि त्याबद्दल दिवसभर बोलते.

"वन्सं, मीच पाहिली हो ती चीर. पुढून वाफ दिली, बाह्या केल्या, उलटा केला आणि ओरडलेच. जावईबापू लगेच म्हणाले, 'फोटो काढा बघू.'"

"दांडीवर कुणी लावला होता?"

"जावईबापूंनी. काल संध्याकाळी त्यांनीच पिशवी उघडली. पिशव्या उघडणं, नंबर जुळवणं, दांडीवर लावणं, ते त्यांच्याकडे. बिचारे तेवढं तरी करतात."

"कशाने उघडतात?"

भावजयीने इस्त्री बाजूला ठेवली. जावयाबद्दल वाईट बोलायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, अशा दोन दगडांवर पाय ठेवून ती उभी होती. "कात्रीनेच उघडायचं असा नियम आहे. पण त्यांना त्या व्हिडिओचा नाद. ब्लेड फिरवून पिशवी सर्रकन उघडतात, त्याचे व्हिडिओ टाकतात. लोक बघतात म्हणे."

"मग चीर ब्लेडची असली तर?"

"अहो, पण फोटोत आहे ना ती! कोट निघायच्या आधीच्या फोटोत." एवढं बोलून तिचा जीव भांड्यात पडला. "आणि सूनबाईचं काय सांगू. नाकासमोर पडदा घेऊन बसते, चार चार वेळा तेच फोटो मोठे करून बघते. एवढं बघून काय उपयोग झाला? मी म्हटलं होतं, बायकांनी एवढं बारीक बघू नये."

चार चार वेळा बघणाऱ्या बाईला हातभर चीर दिसली नाही, हे तिच्याच तोंडून निघालं आणि तिच्याच कानात शिरलं नाही. मी तिला काही म्हटलं नाही. भावजयीला समजावण्यात मी तरुणपणी बराच वेळ घालवलाय.

"कोट पिशवीतून निघाला तेव्हा कसा होता?"

"कसा म्हणजे? सगळे येतात तसाच. चुरगळून बोळा."

४

हिरो गोदामाच्या पुढच्या भागात मोबाइलचा दिवा ठीक करत होता. मागे पांढरा फळा, बाजूला टेप, कात्री, आणि एक चकचकीत कटर.

"या आत्या. चौकशी का?" तो हसला. दात छान आहेत. बाकी माल दुकानाने परत घेतला नसता.

"काल पिशवी तुम्ही उघडलीत."

"मीच. आणि खरं सांगू, चीर मला कालच दिसली होती. पण म्हटलं, आपण कशाला बोला, वहिनींवर यायचं."

"म्हणजे वहिनींना वाचवायला गप्प बसलात, आणि आज सकाळी सासूबाई ओरडल्याबरोबर पहिलं वाक्य तुम्हीच बोललात, 'फोटो काढा बघू.'"

क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला. मग परत दात.

"सत्य लपवून चालत नाही ना. धंद्याचा प्रश्न आहे."

"चीर कशी पडली असेल?"

"तिकडच्या दुकानात. खोका उघडताना कुणीतरी धसमुसळेपणाने ब्लेड फिरवलं असेल. असतात अशी माणसं."

"असतात," मी म्हणाले.

त्याने मला वहिनींच्या कामाबद्दल बरंच सांगितलं. फोटो बघणं हे काय मोठं काम नाही, एक नजर टाकली की झालं. मी खुर्चीवर असतो तर एका दिवसात महिन्याचं काम उरकलं असतं. त्याला विचारलं, तुम्ही कधी मंजुरीचे फोटो बघितलेत? "गरजच नाही पडली," तो म्हणाला. "कपडा कसा असतो ते रोज डोळ्यांसमोर असतंच की."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. का ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

५

सून वरच्या खोलीत नव्हती. तिला खुर्चीवरून उठवलं होतं, कॉम्प्युटरला हात लावू देत नव्हते, म्हणून ती जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"तू फोटो पुन्हा पाहिलेस?"

"सकाळी बाबांनी दुरून दाखवला, चीर दाखवण्यापुरता. नीट नाही बघू दिला. आत्या, मी त्या कोटाची शेवटची शिलाईसुद्धा मोठी करून बघितली होती. डाव्या खिशापाशी दोरा सुटला होता, तो त्या माणसाला कापायला लावला. मी इतका छोटा दोरा बघितला आणि ही चीर बघितली नाही? मला वेड लागलंय का?"

हे मात्र मला सहन झालं नाही. चोर हसत दिवा ठीक करत होता आणि काम करणारी बाई स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत पायरीवर बसली होती. मी तिला हाताला धरून उठवलं आणि कॉम्प्युटरपाशी नेलं. भाच्याने नुसतं वर पाहिलं. "ऊठ," मी म्हणाले. तो उठला. त्याला कुणी ऊठ म्हटलं की तो उठतो, बस म्हटलं की बसतो. आमच्या घरात त्याला गुणी म्हणतात.

"आता चीर बघू नकोस," मी सुनेला सांगितलं. "चीर सोडून कोट बघ."

तिने फोटो मोठा केला. कॉलर. बाही. टेप. पाठ. ती बघते कशी ते मी पहिल्यांदाच पाहत होते. वरच्या कोपऱ्यातून सुरू करून ओळीने खाली, बोटभर जागाही सुटत नव्हती. निम्म्यावर आल्यावर तिचा हात थांबला.

"आत्या, हा कोट चुरगळलेला आहे."

"मग?"

"मग काय! दुकानातून कपडा येतो तो घडी घातलेला. फोटोत नुसत्या घडीच्या रेघा असतात, उभ्या आणि आडव्या. चुरगळतो तो नंतर. मी मंजुरी दिली की तो माणूस कपडा जाड पिशवीत घालून यंत्राने सगळी हवा ओढून घेतो, जागा कमी लागावी म्हणून. मग तो या अशा बारीक जाळीसारख्या सुरकुत्यांनी भरून येतो. सासूबाई वाफ देतात त्या यासाठीच." तिने शेजारचे, इतर ऑर्डरींचे फोटो उघडले. एकामागून एक. सगळ्यांवर स्वच्छ, सरळ घडीच्या रेघा.

राखी कोटाच्या फोटोवर मात्र कॉलरपासून खालपर्यंत चुरगळ्यांची जाळी होती.

सकाळपासून घरातल्या प्रत्येकाने तो फोटो पाहिला होता. सगळ्यांनी चीर पाहिली. कोट कुणीही पाहिला नाही.

"म्हणजे हे फोटो..." सून म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"प्रवासाला निघण्याआधीचे नाहीत. इथे पोचल्यानंतरचे आहेत," मी म्हणाले. "सगळ्यांना बाहेर बोलाव."

६

वकीलबाई यायची वेळ जवळ आली होती, त्यामुळे भाऊ घड्याळाकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत होता. मी मोठ्या टेबलावर दोन फोटो छापून ठेवले होते. एक राखी कोटाचा, चीर दिसणारा भाग कापून टाकलेला. दुसरा एका निळ्या जॅकेटचा, घडीच्या रेघांचा.

"जावईबापू, तुमची नजर तयार आहे म्हणता. यातला तिकडच्या गोदामातला फोटो कोणता आणि इथला कोणता?"

त्याने एक नजर टाकली. खरोखरच एकच टाकली.

"सोपं आहे. हा राखी तिकडचा. निळा इथला, सासूबाईंनी इस्त्री केल्यानंतरचा. व्यवस्थित आहे ना, म्हणून."

भावजयीच्या तोंडून हुंकार निघाला. "अहो, निळं जॅकेट अजून आलेलंच नाही!"

"तिकडून निघतो तो कपडा घडीचा," मी म्हणाले. "चुरगळतो तो हवा काढलेल्या पिशवीत. हे या घरात कुणाला माहीत नाही? सून रोज बघते. भाचा ते फोटो वेबसाइटवर लावतो. भावजयीला सुरकुती दिसली की तिचा हात इस्त्रीकडे जातो, चुरगळलेल्या कोटाचा फोटो तिने काढलाच नसता. माझा भाऊ फोटो काढतो तेव्हा त्यात त्याचा अंगठा येतो. उरले एकटे तुम्ही. तुमच्या हातात कपडा येतो तो पिशवीतून, नेहमी चुरगळलेला. तुमच्या लेखी कपड्याचं मूळ रूपच ते. काल व्हिडिओ काढता काढता ब्लेड पिशवीतून कोटात गेलं. तुम्ही पांढरा फळा लावला, टेप ठेवला, नंबराची चिठ्ठी ठेवली. सगळं हुबेहूब केलंत. एक गोष्ट हुबेहूब करता आली नाही, कारण ती तुम्ही कधी पाहिलीच नव्हती. चीर नसलेले खरे फोटो गेले आणि हे त्यांच्या जागी बसले."

हिरोच्या चेहऱ्यावरून हसू उतरायला वेळ लागला, ते बराच वेळ एका गालावर अडकून राहिलं.

"चुकून लागलं ब्लेड," तो शेवटी म्हणाला. "मुद्दाम नाही कापला. आणि फोटो मी काढले, ठीक आहे. पण आत..."

तो थांबला, आणि त्याने माझ्याकडे न बघता दुसरीकडे पाहिलं.

मला ते नाव माहीत होतं. दुपारपासून माहीत होतं. ते माझ्या तोंडून निघू नये एवढीच माझी इच्छा होती.

७

भावाने आधी तोंड उघडलं. मला वाटलं, सुनेची माफी मागतोय.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "घरातली गोष्ट घरात राहू दे. जावईबापूंचं नाव बाहेर गेलं तर पोरीला किती त्रास होईल. वकीलबाईंना आपण सकाळी ठरवलं तेच सांगू. सूनबाई, तू जरा मोठ्या मनाने घे. एवढ्यापुरतं. नाहीतरी बाहेर तुला कोण ओळखतं?"

"घे बाई," भावजय म्हणाली. "आपलीच माणसं."

या घराची मला लाज वाटली, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. पण सून माझं ऐकत नव्हती. ती हळूच वळली होती.

"मंजुरीनंतर फोल्डरला कुलूप असतं," ती म्हणाली. "ते भाऊजींना उघडता येत नाही. फोटो आत कुणी घातले?"

भाच्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"भाऊजी म्हणाले, माझ्या पाठीशी उभा राहा. मला वाटलं, बाबा तुला फार तर ओरडतील आणि विसरतील. तू घरातलीच ना. त्यांची पहिलीच चूक, त्यांना घरातून काढतील, ताईचं काय होईल... मी म्हटलं, दोन दिवसांनी मीच सांगेन सगळं."

"आणि आज सकाळी तारखा पुसायला मशीन बदललंस," मी म्हणाले.

"ते भाऊजींनीच सुचवलं."

"ते फोटो तू बघितलेस?" तिने विचारलं. "आत टाकण्याआधी?"

"नाही. फाइल दिली, टाकली."

"उघडून एकदा बघितलं असतंस तर तुला कळलं असतं, चुरगळलेत म्हणून. तू हे काम रोज करतोस. तुला लगेच कळलं असतं आणि तू टाकले नसतेस." ती अजूनही शांत होती. "तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने दिलं आणि तू न बघता टाकलंस. मला सकाळपासून सगळे म्हणताहेत, हिने न बघता मंजूर केलं. तू तिथेच उभा होतास."

बाहेरची घंटा वाजली. भाऊ दचकला, कपडे झटकले आणि चेहऱ्यावर धंद्याचं हसू आणलं. पण सून त्याच्या आधी दारापाशी पोचली होती.

वकीलबाई उंच होत्या आणि घाईत होत्या. सुनेने त्यांना आत घेतलं, टेबलावरचा कोट उलटा केला आणि चीर दाखवली.

"हा कोट मी मंजूर केला तेव्हा चांगला होता. काल इथे पिशवी उघडताना यांनी ब्लेडने कापला. मग कापलेल्या कोटाचे फोटो काढून ते जुन्या फोटोंच्या जागी ठेवले, म्हणजे चूक माझी दिसावी. ठेवायला माझ्या नवऱ्याने मदत केली. हे माझे सासरे. ते तुम्हाला सांगणार होते की मला काढून टाकलं."

वकीलबाईंनी एकेकाकडे पाहिलं. माझ्या भावाने हसू तसंच ठेवलं होतं, त्याला ते काढायचं कसं ते सुचत नव्हतं.

"तुम्ही हे असं बोललात तर तुमचं काम जाईल," वकीलबाई म्हणाल्या.

"ते सकाळीच गेलं."

"नाही नाही, कोण म्हणतं!" भाऊ पुढे धावला. "खुर्ची हिचीच. गैरसमज झाला होता. जावईबापू, तुम्ही जरा बाहेर जा बघू. बस गं सूनबाई, बस, उद्याचे फोटो येऊन पडलेत."

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर टाकलेली आपली शाल तिने उचलली आणि नीट घडी घातली. भाचा जवळ आला. त्याचे डोळे ओले होते, आणि मला त्याचा त्या क्षणी हिरोपेक्षा जास्त संताप आला, कारण हिरोकडून मी कधी काही अपेक्षाच केली नव्हती.

"चल ना, वर जाऊन बोलू," तो म्हणाला. "चुकलं माझं. तू रागावली आहेस का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. कॉलरपासून सुरू करून ओळीने खाली, काही न सोडता, जसं ती दिवसभर बघायची तसं. बराच वेळ लागला.

"आयुष्यात एकच गोष्ट मी नीट न बघता मंजूर केली," ती म्हणाली.

मग ती माझ्याकडे वळली. "आत्या, तुमच्याकडे एक खोली रिकामी असते ना?"

"असते," मी म्हणाले. "चल."